शंखातले भाडेकरू



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा मी कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर किंवा किमान वेतनावर बोलावे अशी असणार. तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे आणि त्यावर बोलायला मला तयारी लागत नाही. पण मी त्यांना कळवले, 'काचेच्या टाकीतले शंखवासी खेकडे.' चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, "यात काही गर्भितार्थ आहे का?" गर्भितार्थ काही नाही. मी खरोखरच खेकड्यांविषयी बोलणार आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. रात्रशाळेतून दहावी झालो आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व लोकांना प्रश्न विचारून केले. तेव्हा जे पडताळून पाहता आले तेवढेच सांगेन.

या खेकड्यांची आणि माझी गाठ पडली ती एका कचेरीच्या दिवाणखान्यात. वाटाघाटीला बोलावून तासन् तास ताटकळत ठेवणे हे मालकपक्षाचे जुने हत्यार आहे. त्या ठिकाणी आमच्या संघटनेच्या झाडलोट करणाऱ्या बायका कंत्राटावर काम करीत होत्या. त्यांची मागणी साधी होती: कपडे बदलायला आणि डबा खायला एक खोली. त्या जिन्याखाली बसून जेवत. मी मात्र गुबगुबीत खुर्चीवर बसलेलो असे, आणि समोर भिंतभर लांबीची, निळ्या उजेडाने उजळलेली, खाऱ्या पाण्याची टाकी असे. तिच्यात खडक, रंगीत मासे, डोलणारी समुद्रफुले. आणि तळाशी एक शंख चाललेला! मी जवळ जाऊन पाहिले. शंखाखालून निळे पाय निघाले होते.

टाकीची देखभाल करायला आठवड्यातून एकदा एक तरुण येई. त्याला मी विचारले, "हे काय आहे रे?" तो म्हणाला, "काका, हे आमचे सफाईवाले. धंद्यात यांना 'क्लीन-अप क्रू' म्हणतात. शेवाळ खातात, माशांचे उरलेले अन्न खातात. पगार नाही, सुट्टी नाही." तो हसला, मीही हसलो. मग तो सहज म्हणाला, "दिवाळीला पन्नास सोडले होते, आता बारा राहिलेत. पुढच्या खेपेला आणखी पन्नास मागवलेत." मी विचारले, "अडतीस कशाने गेले?" त्याने खांदे उडवले. ही गोष्ट कोणी मोजली नव्हती.

मित्रहो, हे उत्तर मी आयुष्यात फार वेळा ऐकले आहे. म्हणून त्या दिवसापासून मी या प्राण्याची चौकशी सुरू केली.

पहिली गोष्ट ही की हा खेकडा आपल्या नेहमीच्या खेकड्यांपैकी नव्हे. बाजारात टोपलीत दिसतो त्या खेकड्याचे पोट लहान असून छातीखाली दुमडलेले असते आणि सारे अंग कवचाने झाकलेले असते. शंखवासी खेकड्याचा पुढचा भाग तेवढा कठीण, मागचा भाग मऊ, उघडा आणि एका बाजूला पिळलेला असतो. हा पीळ शंखाच्या आतल्या वळणाला जुळतो. पायांच्या पाच जोड्या असतात. पहिली जोडी डेंग्यांची, पुढच्या दोन चालण्याच्या, आणि शेवटच्या दोन अगदी आखूड, शंखाला आतून रेटा देऊन तो सावरण्याच्या. शेपटीकडच्या आकड्यांनी तो शंखाच्या मधल्या खांबाला धरतो. त्याला ओढून बाहेर काढू गेलात तर तो तुटेल, पण सुटणार नाही.

शंख त्याने केलेला नसतो. तो गोगलगायीचा. ती आयुष्यभर चुना जमवून घर बांधते, मरते, आणि घर मागे राहते. त्यात हा राहायला येतो. ही रीत किती जुनी म्हणाल? इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर स्पीटन येथील खडकांत एका अमोनाइटाच्या शंखात बसलेला शंखवासी खेकडा अश्मरूपात सापडला. त्याचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. तो खडक सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. अमोनाइट हे प्राणी तर पृथ्वीवरून केव्हाच नाहीसे झाले. घरमालकाचा वंश बुडाला, भाडेकरूचा टिकला. आज या खेकड्यांच्या अकराशेच्या आसपास जाती माहीत आहेत.

युरोपातल्या लोकांनी याला 'संन्यासी' म्हटले. लिनियसने १७५८ साली यांच्यातल्या एका जातीला रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाचे, डायोजेनिसचे, नाव दिले. आपल्याकडेही पुस्तकांतून 'संन्यासी खेकडा' असा शब्द आला. माझ्या मते हे नाव साफ चुकलेले आहे. संन्याशाने घर सोडलेले असते. याच्या डोक्यात घराशिवाय दुसरा विचार नसतो. तो एकटाही राहत नाही, घोळक्याने राहतो. हा पक्का प्रपंची, भाड्याच्या खोलीत राहणारा, मुले वाढली की मोठी खोली शोधणारा गृहस्थ आहे.

कारण असे की खेकडा वाढतो, पण शंख वाढत नाही. अंडी फुटून निघालेली पिल्ले आधी पाण्यात तरंगत असतात. काही वेळा कात टाकून तळाशी आली की पहिला, मोहरीएवढा शंख शोधतात. त्यानंतर दर थोड्या काळाने मोठा शंख लागतो. तो न मिळाला तर वाढ खुंटते, मादीची अंडी कमी होतात, आणि शत्रू आला असता पुरते आत शिरता येत नाही. पुष्कळ किनाऱ्यांवर अन्न मुबलक असते, पण चांगल्या शंखांचा तुटवडा असतो.

नवा शंख दिसला की तो काय करतो हे पाहण्यासारखे आहे. आधी शंख उलटासुलटा करतो, डेंगा आत घालून तोंडाची रुंदी व खोली चाचपतो, वाळू भरलेली असेल तर काढून टाकतो. खात्री पटली की झटक्यासरशी जुन्यातून निघून नव्यात शिरतो. उघड्या पोटाने बाहेर राहणे म्हणजे मरण. म्हणून स्थलांतर क्षणात उरकते. नवे घर मानवले नाही तर तितक्याच चपळाईने परत जुन्यात!

आता एक मौज सांगतो. १९७० साली हॅरिसन व्हाइट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने चर्चमधील धर्मोपदेशकांच्या बदल्यांचा अभ्यास करून 'रिकाम्या जागांची साखळी' ही कल्पना मांडली. वरचा एक निवृत्त झाला की त्याच्या जागी खालचा येतो, त्याच्या जागी त्याखालचा. एक जागा रिकामी झाली की ती रिकामी जागा पायरी पायरीने खाली उतरत जाते. इव्हान चेज हा दुसरा समाजशास्त्रज्ञ. त्याने हीच कल्पना शंखवासी खेकड्यांना लावून पाहिली आणि १९८८ साली सहकाऱ्यांसह निबंध लिहिला. एक मोठा रिकामा शंख पाण्यात ठेवला असता एक खेकडा त्यात जातो, त्याच्या टाकलेल्या शंखात त्याहून लहान जातो, त्याच्यात आणखी लहान. शेवटी कोणालाच नको असलेला फुटका शंख उरतो आणि साखळी संपते. शंख एकच आला, पण घर अनेकांचे सुधारले. पुढे २०१० साली बेलीझच्या किनाऱ्यावरील जमिनीवर राहणाऱ्या जातीत असे दिसले की शंखाभोवती जमलेले खेकडे कधी कधी मोठ्यापासून लहानापर्यंत रांगच लावतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरला की सारी रांग एकामागून एक घर बदलते.

हे वाचले तेव्हा मला आमची चाळ आठवली. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सातजण. संप लांबला तसे कोपऱ्यावरच्या मोठ्या खोलीतले कुटुंब गावी परत गेले. त्या खोलीत आमचे शेजारी गेले, त्यांच्या खोलीत आम्ही गेलो, आणि आमच्या खोलीत पोटमाळ्यावर झोपणारा चुलत काका बिऱ्हाड घेऊन आला. एका घराचे दुःख तीन घरांना हातपाय पसरायला जागा देऊन गेले. त्याला साखळी म्हणतात हे मला पुढे तीस वर्षांनी कळले.

या साखळीत दोन अटी ध्यानात ठेवा. पहिली, रिकामी जागा जितकी वरची, तितकी साखळी लांब. सर्वांत लहान शंख आणून टाकला तर सर्वांत लहान एकाचीच सोय होईल. दुसरी, कोणी दोन शंख अडवून ठेवता कामा नये. खेकड्याला दोन शंखांत राहता येत नाही, म्हणून त्याने सोडलेला शंख त्याच क्षणी दुसऱ्याचा होतो. कुलूप लावण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही.

पण त्यांचे सारेच सौहार्दाने चालते असे नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील जातीत घरासाठी मारामाऱ्या होतात. हल्ला करणारा आपला शंख दुसऱ्याच्या शंखावर ठाक ठाक आपटतो, थांबतो, पुन्हा आपटतो. आतला एक तर टिकून राहतो, नाही तर हार मानून उघडा बाहेर येतो आणि बहुधा हल्लेखोराने टाकलेल्या शंखात जातो. बेलफास्टच्या विद्यापीठात रॉबर्ट एल्वुड यांनी यावर पुष्कळ वर्षे संशोधन केले.

आता आपण खऱ्या विषयाकडे येऊ. टाकीत सर्रास दिसतात ते कॅरिबियन समुद्रातले दोन प्रकार: निळ्या पायांचा लहानगा, आणि लालभडक पायांचा, पिवळ्या डोळ्यांचा. ते स्वस्त व सोशिक समजले जातात. पण या कुळात अशी काही नवलाईची मंडळी आहेत की त्यांची बिऱ्हाडे पाहून माणूस थक्क होतो. मी त्यांना 'कुठे राहतात' या क्रमाने सांगतो, कारण त्यांचे सारे वैशिष्ट्य घरातच आहे.

पहिला, चपट्या खोलीतला. याचे नाव सिलिओपॅगुरस स्ट्रिगाटस. हिंदी व प्रशांत महासागरातला. पायांवर नारिंगी व लाल रंगांचे आडवे पट्टे, जणू रंगीत मोजे घातले आहेत. अमेरिकन शौकिनांनी त्याला त्यांच्या भुताखेतांच्या सणाचे नाव दिले आहे. याचे अंग दाबल्यासारखे चपटे असते, कारण हा शंकूच्या आकाराच्या, चिरेसारखे अरुंद तोंड असलेल्या शंखात राहतो. इतर खेकड्यांना त्या फटीत शिरता येत नाही. सगळे ज्या खोलीकडे पाठ फिरवतात तिच्याजोगे अंग याला मिळाले आहे. हा पाळायचा तर तसेच अरुंद तोंडाचे शंख टाकीत हवेत. गोल तोंडाचे डझनभर शंख टाकून त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा, शिंगांच्या घरातला. मॅनुकॉम्प्लॅनस व्हॅरियन्स हा मेक्सिकोच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्नियाच्या आखातात व त्याखालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याच्या लहानशा शंखावर हायड्रॉइड जातीच्या सूक्ष्म जीवांची वसाहत जमते. ती चुन्याचा थर चढवीत जाते आणि बाजूंनी सांबरशिंगांसारखे फाटे काढते. खेकडा वाढतो तसे घरही वाढत जाते, म्हणून त्याला नव्या खोलीच्या मागे धावावे लागत नाही. पण हे घर जिवंत आहे. ते जगले नाही तर वाढ थांबते आणि खेकडा बेघर होतो. टाकीत ही वसाहत जगवणे अवघड असते. त्याला विकत घेणारे बहुतेक लोक शिंगे पाहून घेतात. ती शिंगे म्हणजे शेकडो जीवांची वस्ती आहे हे त्यांना माहीत नसते.

तिसरा, पोवळ्यात राहणारा. पॅगुरिटा कुळातले हे चिमुकले खेकडे शंख घेतच नाहीत. जिवंत पोवळ्यात किड्यांनी केलेल्या नळीसारख्या बिळांत ते कायमचे राहतात. अन्नासाठी बाहेर पडायचे नाही. त्यांच्या मिशा पिसांसारख्या असतात. त्या पाण्यात हलवून वाहत येणारे बारीक कण गाळून खायचे. हा खरा संन्यासी म्हणायला हरकत नाही. पण बीळ सोडता येत नाही म्हणून पोवळे मेले की याचाही आधार गेला. शेवाळ खाण्यासाठी याला आणणे म्हणजे शिंप्याला विहीर खणायला बोलावणे होय.

चौथा, पहारेकरी पाळणारा. दार्डानस पेडुंक्युलेटस हा आपल्या शंखावर समुद्रफुले बाळगतो. समुद्रफुलाच्या स्पर्शकांना विषारी डंख असतो. खेकडा डेंग्यांनी समुद्रफुलाला थोपटतो, चोळतो. ते खडकावरची पकड सोडते, आणि मग हा ते उचलून आपल्या शंखावर बसवतो. शंख बदलला की समुद्रफुलांचेही स्थलांतर करतो! हे ओझे कशासाठी? डी. एम. रॉस यांनी १९७१ साली दाखवून दिले की अशी समुद्रफुले बाळगणाऱ्या दार्डानस खेकड्यांचे ऑक्टोपसापासून रक्षण होते. समुद्रफुलाला त्या बदल्यात फिरती व खेकड्याच्या जेवणातले उष्टे मिळते. हा करार दोघांच्या फायद्याचा आहे. करारात दोन्ही बाजूंना काही मिळाले तरच तो टिकतो, हे मला कोणी शिकवायला नको.

पाचवा, चालत्या पोवळ्यातला. वाळूच्या तळावर एक लहान पोवळे आढळते. त्याच्या पोटात एक किडा राहतो आणि तो पोवळ्याला ओढीत फिरवतो. त्यामुळे पोवळे वाळूत गाडले जात नाही. जपानच्या अमामी बेटांपाशी मोमोको इगावा व माकोतो कातो यांना अशा काही पोवळ्यांत किड्याऐवजी इवलासा खेकडा सापडला. २०१७ साली त्यांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला: डायोजेनीस हेटेरोप्सॅमिकोला. किड्याचे ओढण्याचे काम खेकडा चोख करतो. घर वाढत राहते, म्हणून त्यालाही शंखांच्या शोधात जावे लागत नाही. जागा तीच, काम तेच, कामकरी मात्र वेगळ्या कुळातला.

याखेरीज खोल समुद्रात तर समुद्रफूलच खेकड्यासाठी शंखासारखे घर तयार करते. असे घर करणारी एक नवी जात जपानच्या संशोधकांनी २०२२ साली जाहीर केली. ती अर्थातच टाकीत येणारी नव्हे. आणि ज्याने भाड्याचे घरच सोडले तो नारळखाऊ खेकडा आपल्या निकोबार बेटांवर आहे. लहानपणी तो शंख वापरतो, मोठेपणी पाठीचे कवच कठीण करून मोकळा फिरतो. जमिनीवरच्या संधिपाद प्राण्यांत तो सर्वांत मोठा, वजन चार किलोपर्यंत. त्याला कायद्याने संरक्षण आहे.

एक सावधगिरीची सूचना. दार्डानस मेगिस्टॉस नावाचा तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, केसाळ खेकडा लहानपणी फार देखणा दिसतो. तो वीतभर वाढतो आणि गोगलगायी, इतर खेकडे, हाती लागेल ते खातो. दुकानात तो अंगठ्याएवढा असताना विकला जातो.

आता पाळण्याविषयी थोडक्यात. पाणी समुद्राइतके खारट, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ, आणि उष्मा चोवीस ते सव्वीस अंश. नवा खेकडा आणला की एकदम टाकीत सोडू नये. टाकीचे पाणी थेंब थेंब मिसळून त्याला सवय करावी. माशांच्या रोगावर तांबे असलेली औषधे देतात, ती या प्राण्यांना मारक ठरतात. कात टाकल्यावर रिकामे कवच पडलेले दिसते. ते मेलेला खेकडा समजून हळहळू नये, आणि नुकत्याच कात टाकलेल्याला डिवचू नये. शेवाळ संपले की तो उपाशी राहतो, म्हणून वेगळे खायला घालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक खेकड्यामागे निदान दोन-तीन रिकामे शंख, सध्याच्या शंखाहून थोडे मोठे, त्याच्या जातीला जुळणाऱ्या तोंडाचे, टाकीत असलेच पाहिजेत. ते रंगवलेले नसावेत आणि उकळून स्वच्छ धुतलेले असावेत. आपल्याकडे प्रवाळांना आणि काही शंखांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. तेव्हा किनाऱ्यावरून दिसेल ते उचलून आणू नये.

त्या तरुणाला मी विचारले, "टाकीत रिकामे शंख किती आहेत?" तो म्हणाला, "एकही नाही. मॅनेजरसाहेबांना तळ मोकळा, स्वच्छ आवडतो." तेव्हा अडतीसांचा हिशेब लागला. खेकडे वाढले, घरे वाढली नाहीत. त्यांनी आधी टाकीतल्या गोगलगायी मारून त्यांचे शंख घेतले, मग एकमेकांवर तुटून पडले. साहेबांचा निष्कर्ष असा की हे खेकडे भांडखोर आहेत. झोपडपट्टीविषयीही मी हाच निष्कर्ष फार वेळा ऐकला आहे.

आता प्रश्न, नवे पन्नास कोठून येतात? हे खेकडे टाकीत पैदा करण्याचा धंदा जवळजवळ नाही. पिल्ले तरंगत्या अवस्थेत जगवणे जिकिरीचे, आणि समुद्रातून वेचणे स्वस्त. म्हणजे प्रत्येक खेकडा कोणीतरी कोणत्यातरी खडकावरून वेचलेला असतो, आणि तो शंखासकट येतो. खेकडा गेला, घरही गेले. मागे राहिलेल्यांची साखळी एका कडीने तुटली. फ्लोरिडात अशा प्राण्यांच्या धंद्याची १९९४ ते २००७ ची नोंद तपासून अँड्र्यू ऱ्हाइन व सहकाऱ्यांनी २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की मागणी शोभेच्या प्राण्यांकडून 'कामाच्या' प्राण्यांकडे वळली आहे. टाकी साफ ठेवणारे खेकडे व गोगलगायी यांची उचल वाढली आहे. पण हेच प्राणी प्रत्यक्ष खडकावरचे शेवाळही खात असतात. काचेची टाकी झाडण्यासाठी समुद्र झाडणारे उचलून न्यायचे, असा हा व्यवहार आहे.

समुद्रात राहिलेल्यांवर दुसरे संकट आपल्या कचऱ्याचे आहे. हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर व प्रशांत महासागरातील हेंडरसन बेटावर संशोधकांनी प्लास्टिकच्या बाटल्या व डबे तपासले. जमिनीवरचे शंखवासी खेकडे त्यांत शिरतात, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही, आणि आतच मरतात. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केलेला अंदाज असा: कोकोसवर पाच लाख आठ हजार, हेंडरसनवर एकसष्ट हजार खेकडे अशा रीतीने मेले. यातली क्रूर गोष्ट अशी की मेलेल्या खेकड्याचा वास आला की इतरांना कळते, एक शंख रिकामा झाला. ते घराच्या आशेने त्याच बाटलीकडे येतात. जी खूण कोट्यवधी वर्षे घर मिळवून देत आली, तीच आता सापळ्यात नेते.

कोणी म्हणेल, खेकडाच तो, त्याला काय कळते? एल्वुड व अॅपेल यांनी २००९ साली केलेला प्रयोग ऐका. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले. आवडत्या जातीच्या शंखात असलेले खेकडे नावडत्या शंखातल्यांपेक्षा घर सोडायला कमी तयार होते. आणि धक्के बसूनही जे राहिले, त्यांच्यापुढे नवा शंख ठेवताच ते अधिक लगबगीने त्याच्याकडे वळले. म्हणजे केवळ झटका बसला आणि अंग आखडले एवढेच नव्हे. धक्का आणि घराची किंमत यांचे काहीतरी मोजमाप तेथे होते. अशा पुराव्यांचा विचार करून ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात या जातीच्या प्राण्यांना संवेदनाक्षम मानले. चांगल्या घरासाठी धक्के सोसणारे, पण संधी मिळताच निघून जाणारे लोक माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. खेकड्याला दुःख होते की नाही हे शास्त्रज्ञ ठरवोत. मला तेवढ्यावरून त्याला 'पन्नास नग' म्हणवेना.

शेवटी त्या दिवाणखान्यात काय झाले ते सांगून रजा घेतो. मी त्या तरुणाला दोन डझन रिकामे शंख आणून दिले. कोनाड्यातल्या खडकाआड, साहेबांच्या नजरेला पडणार नाहीत असे त्याने ते ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला, "काका, रात्रीत सात जणांनी घरे बदलली!" नवे पन्नास त्याने मागवले नाहीत. बारांतले दहा पुढच्या दिवाळीपर्यंत होते. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. मी फक्त मोजले, एवढेच.

आणि आमची खोली? व्यवस्थापन म्हणे, इमारतीत जागाच नाही. मी म्हणालो, "तुम्ही जिन्याखालची जागा मोजता आहात, म्हणून जागा दिसत नाही. वरून मोजा." चौथ्या मजल्यावर एका अधिकाऱ्याची खोली दोन वर्षे कुलूपबंद होती. ती उघडली. हिशेबखात्याच्या फायली तेथे गेल्या, त्यांच्या जागी भांडाराचे सामान आले, भांडारातले मोडके टेबल-खुर्च्या भंगारात गेल्या, आणि तळमजल्यावर बाराजणींना कपडे बदलायला व डबा उघडायला एक खोली मिळाली. यासाठी चौदा महिने लागले. खेकड्यांना एक रात्र पुरली होती.

आपल्यापैकी कोणाला अशी टाकी ठेवायची असेल तर अवश्य ठेवा. त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण खेकडा निवडण्याआधी त्याचा पुढचा शंख निवडा. आणि ज्यांना टाकी परवडत नाही त्यांनी ओहोटीच्या वेळी हाजीअलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर जावे. पाण्याने भरलेल्या खळग्यापाशी हालचाल न करता पाच मिनिटे बसावे. तळचा एखादा शंख चालू लागेल. त्याला हात लावू नका. नुसते पाहा, आणि आसपास एखादा रिकामा शंख दिसला तर तो खिशात घालू नका. त्याची वाट पाहत कोणीतरी रांगेत उभे असेल.